थंडी, ओल आणि ससा
कोलकात्यातील उघड्यावर पाळलेल्या सशांची हिवाळी निगा

पाळीव प्राण्याविषयी मनुष्याच्या हातून घडणाऱ्या चुका पुष्कळदा निष्ठुरपणामुळे नव्हे, तर मायेमुळे घडतात. आपणास जे सुखकर वाटते ते मुक्या प्राण्यासही सुखकर वाटणारच, असे तो गृहीत धरतो. कोलकात्यात पौष महिना लागला आणि उत्तरेकडील वारे वाहू लागले, की माणसे माकडटोप्या आणि शाली बाहेर काढतात. ज्या घराच्या गच्चीवर, सज्जात किंवा अंगणात सशांचा पिंजरा असतो, तेथे त्याच काळजीने पिंजऱ्याभोवती प्लास्टिकचे कापड गुंडाळले जाते, आत जुन्या चिंध्या कोंबल्या जातात आणि वर एक विजेचा दिवा टांगला जातो. सशाला थंडी वाजू नये हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. परंतु ससा या प्राण्याची शरीररचना आणि कोलकात्याच्या हिवाळ्याचा स्वभाव या दोहोंचा विचार केला म्हणजे असे दिसून येते, की या व्यवस्थेतील बहुतेक उपाय अनावश्यक आहेत आणि काही तर सशाच्या जिवावर बेतणारे आहेत. पूर्ण वाढलेल्या सशाला तेथील थंडीचे भय फारसे नाही. भय आहे ते ओलीचे, झोताच्या वाऱ्याचे आणि कोंडलेल्या हवेचे. केवळ नवजात पिल्ले या नियमास अपवाद आहेत.

कोलकात्याचा हिवाळा

गंगेच्या त्रिभुज प्रदेशात, समुद्रसपाटीपासून अवघ्या काही मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात जानेवारी हा सर्वांत थंड महिना होय. त्या महिन्यात दिवसाचे तापमान सरासरीने २५-२६ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रात्री ते १४ अंशांच्या आसपास उतरते. थंडीची लाट आली तर पारा दहा-अकरा अंशांवर येतो. महाराष्ट्रातील वाचकांस तुलनेसाठी निफाडचे उदाहरण घेता येईल. नाशिक जिल्ह्यातील या गावी कित्येक हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली गेला आहे. त्या मानाने कोलकात्याची थंडी सौम्यच म्हटली पाहिजे.

परंतु निफाडची थंडी कोरडी असते आणि कोलकात्याची दमट. हुगळी नदी, शहराभोवतालची तळी व पाणथळ जागा यांमुळे हवेत बाष्प भरपूर असते. सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने निवते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यातील बाष्प धुके व दव यांच्या रूपाने प्रकट होते. शहरातील धूर व धूळही याच थंड थरात अडकून पडते. पहाटे गच्चीवर वाळत राहिलेले कापड ओले लागते, लोखंडी कठड्यावर पाण्याचे थेंब दिसतात आणि श्वासाबरोबर धुराचा वास येतो. सशाचा पिंजरा याच हवेत असतो.

तापमापकात न दिसणारी थंडी

उघड्या आकाशाखालची वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या गोष्टीचा पुरावा बंगालच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतून जहाजाने आणलेला बर्फ कलकत्त्यास प्रथम १८३३ साली उतरला. त्यापूर्वी शहराला जो थोडा बर्फ मिळे, तो हुगळी-चुंचुडा परिसरात तयार होत असे. थंडीच्या निरभ्र रात्री शेतात उथळ खड्डे करून त्यांत पेंढा पसरीत, त्यावर मातीची उथळ भांडी मांडीत आणि त्यांत थोडे थोडे पाणी ओतून ठेवीत. हवेचे तापमान शून्य अंशाच्या वर असतानाही पहाटेपर्यंत त्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरे. पाण्यातील उष्णता प्रारणाच्या रूपाने वरच्या मोकळ्या, कोरड्या आकाशाकडे निघून जाई आणि खालचा कोरडा पेंढा जमिनीची ऊब भांड्यापर्यंत पोहोचू देत नसे. दव पडण्याचे कारणही हेच प्रारण होय, हे विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात सप्रयोग मांडले.

बर्फ करणाऱ्यांच्या या युक्तीत सशाच्या पालकासाठी दोन धडे आहेत. पहिला असा, की वरून उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात बसलेला ससा त्या भांड्याप्रमाणेच आपली उष्णता आकाशाला देत असतो. त्यावर साधे छप्पर घातले, तरी हा व्यय पुष्कळच थांबतो. एवढ्यासाठी पिंजऱ्याला चारही बाजूंनी कोंडण्याची गरज नाही. दुसरा धडा पेंढ्याविषयीचा. उष्णतेची वाट अडविण्याचे काम पेंढ्याच्या काड्या तितके करीत नाहीत. ते काम काड्यांच्या पोकळीत व काड्यांमध्ये अडकलेली निश्चल हवा करते. पेंढा भिजला की त्या हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेच्या वीस पटींहूनही अधिक उष्णतावाहक आहे. म्हणून ओला पेंढा अंथरण्यापेक्षा तो काढून टाकलेला बरा.

छपरासाठी नुसता पत्रा मात्र पुरेसा नाही. पत्रा स्वतःच प्रारणाने हवेपेक्षा थंड होतो, आतील दमट हवा त्याच्या खालच्या अंगाला लागून तिचे थेंब बनतात आणि पहाटे ते सशाच्या पाठीवर ठिबकू लागतात. पत्र्याखाली लाकडी फळी किंवा गवताचा थर दिला म्हणजे हे टळते.

सशाचे मूळ घर

आपण ज्याला ससा म्हणतो, ते वस्तुतः दोन भिन्न प्राणी आहेत. महाराष्ट्रातील माळरानावर व बंगालमधील शेतांच्या कडेला आढळणारा रानससा हा भारतीय वन्य प्राणी होय. तो बिळात राहत नाही. गवतात नुसता खळगा करून बसतो. त्याची पिल्ले डोळे उघडे असलेली आणि अंगावर केस असलेली अशीच जन्माला येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे त्याला संरक्षण आहे आणि तो पाळण्याचा प्राणी नव्हे. बागबाजारजवळच्या गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी भरणाऱ्या बाजारात पाळण्यासाठी विकला जाणारा पांढरा किंवा ठिपक्यांचा ससा हा मूळचा युरोपच्या नैर्ऋत्येकडील आयबेरिया द्वीपकल्पाचा, म्हणजे आजच्या स्पेन व पोर्तुगालचा, रहिवासी आहे. तो जमिनीत लांब बिळे खणून कळपाने राहतो आणि त्याची पिल्ले आंधळी व केसरहित जन्मतात.

या मूळ घराचे गुण ध्यानात घेतले, म्हणजे पाळीव सशाला काय हवे ते वेगळे सांगावे लागत नाही. बिळात वारा शिरत नाही. पावसाचे पाणी सहसा येत नाही. जमिनीच्या पोटातील तापमान दिवसा-रात्री फारसे बदलत नाही. आणि शेजारी आपल्याच जातीचा सोबती असतो. मात्र त्या बिळातून ससा हवे तेव्हा बाहेर येऊ शकतो. पिंजऱ्यात ही शेवटची मोकळीक त्याला नसते आणि म्हणूनच तेथील हवेचा भार पालकावर येतो.

पूर्ण वाढीच्या सशाच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ ते ३९.५ अंश असते. भोवतालची हवा पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असली, तर ते राखण्यासाठी त्याला विशेष श्रम पडत नाहीत. इंग्लंडसारख्या देशात हिवाळाभर बाहेरच्या लाकडी खुराड्यात ससे ठेवण्याची जुनी रीत आहे आणि निवारा कोरडा असल्यास तेथील गोठणबिंदूजवळची थंडीही ते सहन करतात; मात्र शरद ऋतूपासून हळूहळू त्या थंडीची सवय झालेली असावी लागते. उलट तीस अंशांपलीकडची उष्णता त्याला जड जाते. त्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकू लागतो आणि उष्णता आणखी वाढत गेली तर प्राणास मुकतो. यावरून कोलकात्यातील सशाचा खरा कठीण काळ कोणता, हे उघड होते. तो काळ वैशाख-ज्येष्ठाचा होय, पौष-माघाचा नव्हे.

कानांचा कारभार

बंगालीत सशाला ‘खरगोश’ म्हणतात. हा शब्द मूळचा फारसी. ‘खर’ म्हणजे गाढव आणि ‘गोश’ म्हणजे कान. ज्याने हे नाव ठेवले त्याने या प्राण्याचा मुख्य अवयव बरोबर ओळखला होता. सशाचे कान केवळ ऐकण्यासाठी नसतात. त्यांवर केस विरळ असतात, त्वचा पातळ असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. उष्म्यात या वाहिन्या रुंदावतात, ऊन रक्त कानांतून वाहते आणि उष्णता हवेत जाते. थंडीत त्या आकुंचन पावतात, कानांकडे जाणारे रक्त कमी होते आणि ऊब शरीराच्या गाभ्यात राखली जाते. थंडीत ससा कान पाठीशी चिकटवून, पाय पोटाखाली घेऊन गोळा होऊन बसतो, तोही याच हिशेबाने. उघडे पृष्ठभाग कमी झाले की उष्णतेचा व्ययही कमी होतो.

रक्तवाहिन्यांचे हे नियंत्रण मज्जातंतूंकडून होते हा शोधही सशाच्या कानावरच लागला. १८५१ साली पॅरिस येथे क्लोद बेर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सशाच्या मानेतील अनुकंपी मज्जातंतू एका बाजूस छेदला. त्यामुळे त्या बाजूचा कान थंड पडेल अशी त्याची अपेक्षा होती. घडले ते उलट. कान लाल होऊन दुसऱ्या कानापेक्षा स्पष्टपणे ऊन झाला. पुढे १८५२ साली ब्राऊन-सेकार याने छेदलेल्या तंतूच्या टोकास विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा तोच कान फिकट व गार पडला. रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे तंतू असतात, हे ज्ञान वैद्यकास या प्रयोगांतून मिळाले.

सशाच्या पालकास या ज्ञानाचा उपयोग असा. हिवाळ्याच्या सकाळी सशाचे कान हातास गार लागले, तर ते सामान्यतः यंत्रणा नीट चालल्याचे चिन्ह समजावे. एवढ्यावरून त्याला आजारी ठरवून दिव्याखाली ठेवू नये. खरी परीक्षा कानांची नसून वागणुकीची असते. ससा टवटवीत आहे, चारा खात आहे, लेंड्या नेहमीसारख्या टाकीत आहे आणि त्याचे पोट हातास ऊबदार लागत आहे, तर गार कानांची चिंता करण्याचे कारण नाही.

या व्यवस्थेस साहाय्य करणारी दुसरी गोष्ट म्हणजे सशाचा अंगरखा. लांब राठ केसांच्या खाली दाट, मऊ लोकर असते. दिवस लहान होऊ लागले की सशाचे जुने केस गळून हिवाळ्याचे दाट केस येतात. या बदलाला दिवसाच्या लांबीची खूण लागते. म्हणून जो ससा रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या प्रकाशात ठेवला जातो, त्याच्या अंगावरील केसांचे वेळापत्रक बिघडू शकते. तसेच दिवसभर उबदार खोलीत आणि रात्री उघड्या गच्चीवर असा फेरा रोज घडविणेही इष्ट नाही. एक जागा निवडावी आणि तीच राखावी.

कोंडलेल्या हवेचा विषार

थंडी अडविण्यासाठी पिंजरा प्लास्टिकने बंद केला, की आत दोन गोष्टी साठू लागतात. पहिली पाण्याची वाफ. सशाच्या श्वासातून, मूत्रातून आणि ओल्या पाल्यातून निघणारे बाष्प बाहेर जाऊ शकत नाही. ते प्लास्टिकच्या आतील अंगावर जमते आणि अंथरुणात उतरते. ओलावलेल्या केसांतील निश्चल हवा नाहीशी होते व निसर्गाने दिलेला अंगरखा निकामी होतो. ज्या थंडीपासून वाचवायचे, तीच अशा रीतीने अंगाला भिडते.

दुसरी गोष्ट अमोनिया वायू. सशाच्या मूत्रातील यूरियाचे जीवाणू विघटन करतात आणि त्यातून हा तिखट वायू सुटतो. सशाचे नाक जमिनीपासून चार बोटांवर असल्यामुळे तो वायू त्याला सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक मिळतो. माणसाला पिंजऱ्याशी वाकल्यावर नाकास झिणझिण्या येतात, तेव्हा आतील ससा तो वायू कित्येक तास हुंगत असतो. अमोनियामुळे श्वासमार्गातील सूक्ष्म केसलांचे काम मंदावते आणि पाश्चुरेला नावाच्या जीवाणूंना वाव मिळतो. हे जीवाणू पुष्कळ निरोगी दिसणाऱ्या सशांच्या नाकातही सुप्तपणे वास करीत असतात. प्रथम शिंका येतात, नाकातून पांढरट स्राव वाहू लागतो आणि ससा पुढच्या पायांनी नाक पुसत राहिल्याने त्या पायांच्या आतील बाजूचे केस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. पुढे हाच रोग फुफ्फुसांत उतरतो. अशा सशाला ‘थंडी बाधली’ असे म्हटले जाते आणि पिंजरा आणखी घट्ट बंद केला जातो. औषध म्हणून रोगाचेच कारण वाढविण्याचा हा प्रकार होय.

कोळशाची शेगडी तर पिंजऱ्याजवळ कधीच नेऊ नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू वास न येता प्राण घेतो. विजेच्या दिव्याचाही धोका कमी नाही, कारण ससा कुरतडणारा प्राणी आहे. वायर त्याच्या दातांखाली सापडली तर त्याला धक्का बसतो आणि कोरड्या पेंढ्याशेजारी तापलेला दिवा असला तर आग लागण्यास वेळ लागत नाही.

घर कसे असावे

कोलकात्याचे अलीपूर प्राणिसंग्रहालय १८७६ साली सुरू झाले. त्याचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सन्याल यांनी १८९२ साली बंदिस्त प्राण्यांच्या व्यवस्थेविषयी एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या नावातच ही व्यवस्था ‘खालच्या बंगाल’मधील असल्याचा निर्देश आहे. तो निर्देश अर्थपूर्ण आहे. प्राणी कोठूनही आलेला असो, त्याची निगा जेथे तो ठेवला आहे त्या प्रदेशाच्या हवेप्रमाणे ठरवावी लागते. लंडनमधील खुराड्याचा आराखडा कोलकात्यास जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे बर्फ अडवावयाचा असतो, येथे दव.

घर लाकडी असावे आणि जमिनीपासून किंवा गच्चीच्या फरशीपासून हातभर उंच पायांवर ठेवावे. त्यामुळे खालची ओल चढत नाही व घूस, मुंगूस आणि मांजर यांच्यापासूनही बचाव होतो. त्याचे तोंड दक्षिणेस किंवा आग्नेयेस असावे, म्हणजे उत्तरेचा वारा पाठीवर जातो आणि सकाळचे ऊन आत येते. घराचे दोन भाग करावेत. मोठा भाग जाळीचा, हिंडण्या-फिरण्यासाठी. लहान भाग तिन्ही बाजूंनी फळ्यांचा, झोपण्यासाठी. दोहोंमध्ये सशाला सहज जाता येईल एवढेच दार ठेवावे. छप्पर उतरते आणि कडांच्या बाहेर वीतभर आलेले असावे.

झोपण्याचा भाग मुद्दाम लहान ठेवण्यास कारण आहे. दोन किलो वजनाचा ससा स्वस्थ बसलेला असताना ताशी जी उष्णता बाहेर टाकतो, ती पाच-सहा वॉटच्या लहान दिव्याइतकी असते. मोठ्या खोलीत ही ऊब हरवून जाते; लहान खोलीत, वीतभर जाडीच्या कोरड्या पेंढ्यात तीच पुरेशी होते. एकमेकांशी जमणारे दोन ससे असले तर ऊब दुप्पट. मात्र दोन प्रौढ नर एकत्र ठेवल्यास ते रक्त निघेपर्यंत भांडतात. आणि नर-मादी एकत्र ठेवल्यास महिन्याभरात पिल्लांची व्यवस्था पाहावी लागते, हे विसरू नये.

अंथरुणासाठी बंगालमध्ये भाताचा पेंढा सर्वत्र मिळतो आणि तो उत्तम होय. चिंध्या व कापूस वापरू नयेत. ससा ते धागे गिळतो आणि त्यांनी आतड्यांत अडथळा येतो. रात्री जाळीवर सोडण्यासाठी तागाचे पोते सोयीचे असते. या पोत्यातून हवा खेळते आणि वाऱ्याचा झोत मात्र अडतो. वरच्या बाजूस चार बोटे जागा उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा व अमोनिया निघून जातात. परंतु ताग हा ओलावा शोषणारा धागा आहे. हातास कोरड्या लागणाऱ्या तागातही त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक पाणी असते आणि धुक्याच्या रात्री ते वाढते. म्हणून सूर्य वर आला की पोते काढून उन्हात घालावे. दोन पोती आलटून पालटून वापरणे अधिक चांगले. ओला झालेला पेंढा रोज उचलावा व सबंध अंथरूण आठवड्यातून एकदा तरी बदलावे.

पोटातील शेगडी

सशाला ऊब देणारी खरी शेगडी त्याच्या पोटात असते. मोठ्या आतड्याच्या आरंभी अंधनाल नावाची मोठी पिशवी असते. तीत असंख्य सूक्ष्मजंतू गवतातील तंतूंचे किण्वन करतात आणि या क्रियेतून अन्न व उष्णता दोन्ही मिळतात. या पिशवीतून येणाऱ्या मऊ लेंड्या ससा स्वतःच पुन्हा खातो. ती घाण नसून त्याच्या पोषणाचा आवश्यक भाग आहे आणि त्यात अडथळा आणू नये.

यावरून हिवाळ्याच्या आहाराचा नियम निघतो. थंडीत उष्णता निर्माण करण्यासाठी सशाला अधिक अन्न लागते आणि ते अधिक अन्न म्हणजे वाळलेले गवत होय. ते दिवस-रात्र त्याच्यासमोर असावे, विशेषतः संध्याकाळी भरपूर घालावे. कारण ससा रात्री व पहाटे अधिक खातो. हिवाळ्यात कोलकात्याच्या बाजारात फुलकोबी, कोबी, मटार यांची रेलचेल असते आणि घरोघर पाला व टरफले उरतात. हा पाला एकाएकी व पुष्कळ घातल्यास सशाचे पोट फुगते. तो थोडा थोडा सवय लावून द्यावा. दवाने भिजलेला पाला कोरडा करून मगच घालावा. माणसाच्या समजुतीप्रमाणे ‘उष्ण’ म्हणून कोणी गूळ किंवा मिठाई देऊ जाईल, तर अंधनालातील सूक्ष्मजंतूंचा समतोल ढळतो आणि शेगडीच विझते. पाणी स्वच्छ व सदैव उपलब्ध असावे. थंडी आहे म्हणून ते कमी करू नये, कारण कोरडे गवत पचविण्यास पाणी लागतेच.

नवजात पिलांचा अपवाद

आतापर्यंत सांगितलेले सर्व पूर्ण वाढीच्या सशाविषयी होते. पिल्लांची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. सशाचा गर्भकाळ साधारणतः ३० ते ३२ दिवसांचा असतो. जन्मतः पिल्लाचे वजन पन्नास-साठ ग्रॅम, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. एवढ्याशा देहाचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने फार मोठा असल्यामुळे त्याची उष्णता झरझर निघून जाते. कोलकात्याची जी रात्र आईला सुखाची वाटते, त्याच रात्री घरट्याबाहेर पडलेले पिल्लू सकाळपर्यंत मरून पडते.

निसर्गाने त्याला तीन आधार दिले आहेत. पहिला आईच्या केसांचा. प्रसूतीच्या सुमारास मादी आपल्या छातीचे व पोटाचे केस उपटून घरट्यात घालते. दुसरा भावंडांचा, पिल्ले एकमेकांत शिरून एकच गोळा करतात आणि मध्ये जाण्यासाठी सतत जागा बदलीत राहतात. तिसरा आधार त्यांच्या शरीरातच असतो. नवजात पिल्लाच्या मानेभोवती आणि खांद्यांच्या हाडांमध्ये तपकिरी रंगाचा विशेष मेद असतो. तो शरीराच्या वजनाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतका भरतो. हा मेद जळताना स्नायूंची थरथर न होता थेट उष्णता निर्माण होते. १९६४ साली डॉकिन्स व हल या इंग्रज संशोधकांनी नवजात सशांवरील आपल्या अभ्यासातून या मेदाचे हे कार्य स्पष्ट केले. मानवी अर्भकातही असाच मेद असतो. म्हणून सशाच्या पिल्लांवरील हा अभ्यास नवजात बालकांच्या निगेसाठीही मोलाचा ठरला. परंतु हे इंधन मर्यादित आहे. दूध मिळाले नाही आणि थंडीही लागली, तर ते थोड्याच अवधीत संपते.

म्हणून व्यायच्या सुमारे तीन-चार दिवस आधी मादीला पेंढा भरलेली लाकडी पेटी द्यावी. ती आईला आत वळता येईल एवढीच असावी आणि तिची पुढची कड वीतभर उंच असावी, म्हणजे पिल्ले बाहेर गडगडणार नाहीत. पेटीच्या तळाला ओल निघून जाण्यासाठी लहान भोके असावीत. मादी पिल्लांवर बसून राहत नाही. ती दिवसातून बहुधा एकदाच, तीन ते पाच मिनिटे पाजून निघून जाते. हे न जाणल्यामुळे ‘आईने पिल्ले टाकली’ असा समज करून पुष्कळ जण त्यांना घरट्यातून उचलतात व गाईचे दूध पाजू लागतात. तसे करू नये. सकाळी पिल्लांची पोटे गोल व त्वचा घट्ट दिसली, तर आईने आपले काम केले आहे.

एखादे पिल्लू पेटीबाहेर गारठलेले आढळले, तर ते मेले असे लगेच समजू नये. त्याला तळहातांत धरून किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून हळूहळू ऊब द्यावी. गारठलेल्या स्थितीत त्याला दूध पाजू नये. ते पचत नाही आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अंग ऊबदार होऊन ते हालचाल करू लागले, की त्याला भावंडांत परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पाळीव मादी पिल्लाला सहसा नाकारीत नाही.

जेथे थंडी खरोखरच बाधते

प्रौढ सशालाही थंडी बाधू शकते, याचे भारतातील उदाहरण हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात पाहावयास मिळते. १९६२ साली राजस्थानात अविकानगर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे एक केंद्र तेथे गार्सा या ठिकाणी आहे आणि तेथे अंगोरा जातीच्या सशांवर काम चालते. अंगोरा ससा त्याच्या लांब, अतिशय मऊ लोकरीसाठी पाळतात. थंड प्रदेश त्याला मानवतो. परंतु अडीच-तीन महिन्यांनी लोकर कातरली की तो एका दिवसात उघडा पडतो. त्या वेळी त्याला बंद निवारा, भरपूर पेंढा आणि वाढीव चारा द्यावा लागतो. थंडीपासून रक्षण करते ती लोकर; लोकर गेली की थंडी शत्रू होते. कोलकात्यात धुक्याने किंवा ठिबकणाऱ्या छपराने भिजलेला ससा जवळजवळ याच अवस्थेत असतो. फरक एवढाच, की येथे लोकर कातरलेली नसून निकामी झालेली असते.

अंगोरा जातीचा ससा हौसेखातर कोलकात्यात आणून ठेवणे मात्र त्याच्यावर अन्याय करणे होय. हिवाळ्याचे आठ आठवडे तो सुखात राहील. पुढच्या उन्हाळ्यात तीच लोकर त्याचा जीव घेईल.

धोक्याची लक्षणे

पुढील चिन्हे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. सशाने बारा तासांत काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत. तो अंग आखडून, दात करकरवीत एका जागी बसला. कानांबरोबर पोट व पायही गार पडले आणि तो निपचित झाला. श्वास घेताना नाकपुड्या किंवा कुशी जोरजोराने हलू लागल्या. अथवा नाकातून स्राव वाहू लागला. शरीराचे तापमान ३८ अंशांच्या खाली उतरणे हे गंभीर लक्षण होय. अशा सशाला कोरड्या कापडात गुंडाळून, कोमट बाटलीच्या सोबतीने पशुवैद्याकडे न्यावे. कोलकात्यात पशुवैद्यकाची परंपरा जुनी आहे. बेलगाछिया येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८९३ सालचे असून १९९५ पासून तेथे पशू व मत्स्यविज्ञानाचे विद्यापीठ आहे.

ससा हा भक्ष्य होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपविण्याची त्याची जन्मजात प्रवृत्ती असते. तो ओरडत नाही आणि तक्रार करीत नाही. त्यामुळे रोज सकाळी पोते काढताना त्याच्याकडे घटकाभर लक्षपूर्वक पाहणे हा हिवाळी निगेतील सर्वांत महत्त्वाचा आणि बिनखर्चाचा उपाय होय. पेंढ्यात हात घालून तो कोरडा आहे का हे चाचपावे, वाकून हवेचा वास घ्यावा, पुढच्या पायांचे केस तपासावेत आणि कालच्या गवतापैकी किती उरले ते पाहावे. एवढे करण्यास पाच मिनिटे पुरतात; आणि जो हे नित्य करतो, त्याच्या सशाला पौषातील धुक्याची रात्र सहसा जड जात नाही.